भट्टी निवेपर्यंत

“आत काय चाललंय ते धुराला विचारायचं. धूर खोटं बोलत नाही. पण उघडून बघायचं नाही. जीव कितीही खालीवर झाला, तरी भट्टी निवेपर्यंत उघडून बघायचं नाही. कळलं?”

लग्न होऊन आली त्या साली नवऱ्यानं हे सांगितलं होतं, तेही तिच्याकडे न बघता, धुराकडे बघत. तिनं नुसती मान हलवली. तेव्हा मागे वळून तो हसला होता. “मान तर शेळीपण हलवते. तोंडानं बोल.”

“कळलं,” ती म्हणाली होती.

आता सांगणारा नव्हता. सांगणं तेवढं मागे राहिलं होतं. हातात कुऱ्हाड असताना, डोक्यावर घमेलं असताना ते तिला अवचित ऐकू यायचं आणि हात जागच्या जागी थांबायचा.

घरात माणसं उरली होती तीन. म्हातारी सासू, लग्नाचा राहिलेला दीर आणि ती. दिराला सगळे धाकटा म्हणत, त्याच्या भावाला थोरला, आणि थोरल्याची बायको म्हणून तिला थोरली. थोरला गेला तरी ती थोरलीच राहिली. लाकडाचा कोळसा पाडणं हा घरचा धंदा. लोहार, पाववाला, इस्त्रीवाला, सगळ्यांची आग या घरातून जायची.

त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. शेजारच्या बागवाल्याची झाडं उभ्या उभ्या वाळली. एक दिवस तो दारात येऊन म्हणाला, “तोडून न्या. निदान डोळ्यांपुढून तरी जाऊ देत.” एवढं बोलून तो पाणी न पिता गेला. ते लाकूड एकाच भट्टीपुरतं होतं. ती साधली तर घर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तगणार होतं. बिघडली तर धाकट्याला शहराची वाट धरावी लागली असती, आणि मागे दोन बायका भिंतीकडे बघत बसल्या असत्या.

“वहिनी, जागा बदलायची का?” धाकट्यानं विचारलं. पहिला ओंडका त्याच्या खांद्यावर होता, पण तो खाली ठेवत नव्हता.

घरामागं जमिनीवर एक काळं वर्तुळ होतं. दरवर्षीची भट्टीची जागा. तिथं गवताचं पातं उगवत नसे. थोरला तिथंच गेला होता.

“नव्या जागेला ओल असते,” ती म्हणाली. “निम्मं लाकूड कच्चं राहील. ही माती भाजून पक्की झालीये.”

“ते मलाही कळतं. मी वेगळंच विचारतोय.”

“ठेवा भाऊजी ओंडका. खांदा सोलेल.”

त्यानं ठेवला. मग त्याची नेहमीची टकळी सुरू झाली. गप्प बसलं की त्याला गुदमरायला व्हायचं. “हा बघ. अगदी आमच्या लोहारासारखा. मध्ये जाड, आणि कुठंच नीट बसत नाही.” ती हसली. मधल्या खांबाभोवती दोघं लाकडं उभी लावत गेली. जाड आत, बारीक बाहेर. फटींत काटक्या कोंबल्या. त्यावर पाल्याचा थर, पाल्यावर ओली माती, थापून थापून. खाली चहूबाजूंनी हवेला भोकं ठेवली. घरात त्यांना नाकपुड्या म्हणत. संध्याकाळपर्यंत तिच्या तळहातांवर फोड आले, फुटले, आणि मातीनं बुजले. रचून झाल्यावर ती भट्टी पाठ वाकवून बसलेल्या माणसासारखी दिसत होती. हे दोघांनाही दिसलं. धाकटा म्हणाला, “भूक लागली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, चुलीपुढची प्रार्थना करून, तिनं फावड्यावर निखारे नेले. धाकट्यानं शिडी आडवी टाकली, तिच्यावरून रांगत वर गेला, मधला खांब उपसला आणि त्या भोकात निखारे सोडले. थोड्या वेळानं पांढराशुभ्र, दाट धूर वर आला.

लाकूड जळत गेलं की भट्टी आत बसते. वरून खळगा पडतो. तो लगेच मातीनं भरावा लागतो, नाहीतर हवा शिरते आणि सगळं भडकून राख होतं. खळगा भरायला वर जायचं, तर शिडी आडवी टाकूनच जायचं, म्हणजे वजन पसरतं. गेल्या हंगामात खळगा पडला तेव्हा शिडी जागेवर नव्हती. “दोन घमेल्यांचं तर काम,” म्हणत थोरला तसाच चढला होता. वरचं कवच पोकळ झालेलं होतं. ते त्याच्यासकट आत बसलं.

शिडी त्या दिवशी सासूनं शेळ्यांच्या छपराला लावली होती. तिघांनाही ठाऊक होतं. आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

जे सापडलं ते लोकांनी पेटीत घातलं आणि थोरली पोचायच्या आत झाकण ठोकलं. “बघू नकोस, पोरी,” सगळ्यांनी सांगितलं. पेटी हलकी होती. वाहणाऱ्यांच्या चालीवरूनच तिला ते कळलं होतं. दफनभूमीच्या फाटकाशी तिचे पाय गेले आणि बायकांनी तिला तिथंच धरून बसवलं. सासू तर अंथरुणातूनच उठली नव्हती. म्हणजे त्याला जमिनीत ठेवलेलं दोघींपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानंतर पाय तिकडे वळलेच नाहीत. थोरलीला वाटायचं, न बघितलेलं माणूस गेलं असं म्हणायचं तरी कसं?

दर रविवारी ती ख्रिस्ती देवळात जायची. प्रार्थनेत सगळे मिळून देवाला म्हणत, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्या ओळीला तिचे ओठ मिटायचे. पुढच्या ओळीला ती परत सगळ्यांत मिसळायची. म्हातारी तर जायचीच नाही. “देवाचं नि माझं बोलणं बंद आहे,” ती सांगायची. “चूक त्याची आहे. आधी त्यानं बोलावं.”

भट्टीवर रात्रीचा पहारा धाकट्याचा, दिवसाचा तिचा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ती सावलीला बसून फाटकी पोती शिवत होती. शेळ्या रवंथ करत होत्या. वारा नव्हता. भट्टीतून ठक् असा आवाज आला. मग दोन ठोके लागोपाठ.

लाकूड तडकतं, तिला माहीत होतं. पण थोरला दाराच्या चौकटीवर असेच ठोके द्यायचा. आधी एक, मग लागोपाठ दोन. हात मातीचे असले की बोटाच्या पेरानं.

तिनं सुई टोचून ठेवली. दूर कुणीतरी विहिरीवर रिकामी बादली आपटत होतं. परत ठोके आले, आणि त्यामागून धुरातून सुस्कारा निघावा तसा शब्द.

“उघड.”

भुतंखेतं अंधारात येतात असं तिनं लहानपणी ऐकलं होतं. हे तर लख्ख उन्हात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडून. ती उठली. भट्टीजवळ गेली. गुडघे टेकले आणि मातीच्या कवचाला कान लावला.

कातडी चर्रकन भाजली. ती मागे कोसळली. पण त्या एका क्षणात तिनं ऐकलं होतं. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

संध्याकाळी म्हातारीनं चुलीच्या उजेडात तिचं तोंड निरखलं. “गालाला काय झालं?”

“धग लागली, आई.”

“धग तोंडाला लागते. कान भाजत नाही.” म्हातारीनं हात पुढे करून तिच्या कानाच्या पाळीला हळूच बोट लावलं. “कान लावल्याशिवाय नाही भाजत.”

थोरलीनं पदर कानावर ओढून घेतला.

“काय म्हणाला?”

“काही नाही. लाकूड तडकतं.”

“माझ्याशी खोटं बोलतेस? मी तर पहिल्या दिवसापासून ऐकतेय. मला ‘आई’ म्हणाला.” म्हातारीचे डोळे ओले नव्हते. उलट त्यांत एक भलतीच चमक होती. “मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. आता दोघींना ऐकू येतंय. दोघींचं एकदम कसं फिरेल?”

दुसऱ्या दिवशी बायबलबाई आली. घरोघरी जाऊन प्रार्थना घेणारी ही प्रौढ बाई. तिची सायकल तिच्याहून म्हातारी. चाकात हवा नव्हती म्हणून ढकलतच आली होती. “या सायकलीला मी ओढते की ती मला, ते प्रभूलाच ठाऊक,” म्हणत टेकली. पाणी अर्धाच पेला घेतलं. “टंचाई आहे, ठेवा.”

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. “तुमच्या देवाला सांगा, मी झोपलेय.”

“सांगते,” बायबलबाई म्हणाली. “पण तो विश्वास ठेवणार नाही.”

थोरली तिला सोडायला बाहेर आली. भट्टीचा धूर आता पिवळसर, कडवट झाला होता. थोरलीनं सायकलीचा दांडा धरून ठेवला आणि विचारलं, “गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला, तर ते पाप का?”

बायबलबाईनं तिच्या गालाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. “डोळ्यांना देवानं पापण्या दिल्या, पोरी. कानांना नाही दिल्या. ऐकणं तुझ्या हातात नाही. ऐकून काय करशील, तेवढं तुझं.”

“प्रार्थनेतली ती ओळ मला म्हणता येत नाही.”

“ठाऊक आहे. मी तुझ्या पुढच्याच बाकावर बसते. तिथं आवाज एकानं कमी होतो.” तिनं पदरानं मान पुसली. “नको म्हणूस. खोटं म्हणण्यापेक्षा गप्प बसलेलं त्याला चालतं. पण आवाजाला उत्तर देऊ नकोस. फसवणारा ओळखीच्याच आवाजात बोलतो. परका आवाज कोण ऐकणार?”

ती सायकल ढकलत गेली. थोरली आत वळली तर म्हातारी उठून बसली होती. खिडकीतून भट्टीकडे बघत होती, आणि ओठ हलत होते. प्रार्थना नव्हती ती. ती गप्पा मारत होती.

धूर पातळ झाला, निळा झाला. म्हणजे आतलं काम झालं. धाकट्यानं नाकपुड्या एकेक करून बुजवल्या, वरचं तोंड मातीनं लिंपलं. आता फक्त निवायचं होतं. हेच दिवस सगळ्यांत अवघड. बाहेरून मेल्यासारखी दिसणारी भट्टी आत लाल असते. हवेची एक फट मिळाली की पेट घेते.

“मी लोहाराकडून रिकामी पोती घेऊन येतो,” धाकटा म्हणाला. “अंधार पडायच्या आत परत. आईकडे बघ. आज ती माझ्याकडे बघून हसली. मला भीती वाटली.”

तो गेला आणि वारा सुटला. कोरडा, धुळीचा. थोरली शेळ्या बांधून आत आली तर खाट रिकामी. कोपऱ्यातलं फावडं नव्हतं.

ती धावली.

म्हातारी भट्टीच्या वाऱ्याकडच्या अंगाला उभी होती. थोरला गेल्यापासून काठीशिवाय उभं राहता न येणारी ती म्हातारी दोन्ही हातांनी फावडं हाणत होती. मातीचा मोठा पापुद्रा निघाला होता, पाला जळून गेलेला, आणि फटीतून एक लाल डोळा वाऱ्याबरोबर उघडझाप करत होता.

“आई! बाजूला व्हा!”

“बोलतोय तो! बघ, बोलतोय! माझं लेकरू गुदमरतंय आत!”

थोरलीनं फावडं हिसकावून घेतलं. आणि तेव्हा फटीतून आवाज आला. या वेळी ठोके नव्हते, सुस्कारा नव्हता. स्वच्छ, जवळचा, लग्नाच्या साली धुराकडे बघत बोललेला तोच आवाज.

“थोडंच राहिलंय. उघड. एकदा बघ मला.”

एकदा बघ. तिला दुसरं काय हवं होतं? झाकण ठोकलेली ती हलकी पेटी रोज तिच्या उशाशी असायची. एकदाच. त्याचं तोंड. मग देवानं हवं ते करावं. तिनं फावडं उचललं आणि ते बुजवायला नाही, खणायलाच आत घातलं. ढेकूळ निघालं. लाल डोळा मोठा झाला. धग तिच्या छातीवर आली.

“हां,” म्हातारी म्हणाली. “हां, पोरी. अजून.”

“लवकर,” आतून आवाज आला. “लवकर उघड.”

तिचा हात थांबला.

लवकर! जन्मभर जो सांगत आला, घाई करू नकोस, निवू दे, धुराला विचार, तो म्हणतोय लवकर? आवाज त्याचा होता. शब्द त्याचा नव्हता. जे आत होतं, त्याला तिचा नवरा ठाऊक होता. पण ते तिचा नवरा नव्हतं.

तिनं फावडं फिरवलं आणि माती लोटायला लागली. कोरडी माती वाऱ्यानं उडून जात होती. ती घरात धावली, प्यायच्या पाण्याचा हंडा उचलून आणला आणि ढिगावर पालथा केला. दिवसभराचं पाणी. हातांनी चिखल कालवला आणि फटीत थापला. पोळलेल्या हातांनी थापत राहिली.

म्हातारी तिच्या पाठीवर तुटून पडली. ओरबाडलं, केस ओढले. “मारलंस! दुसऱ्यांदा मारलंस त्याला! तुझं काय जातंय? तू तरणी आहेस, तुला दुसरा मिळेल! मला कुठला मिळणार?”

तेव्हा ते वाक्य थोरलीच्या जिभेवर आलं. शिडी कोणी नेली होती? चार शब्द. एवढे चार शब्द म्हटले की म्हातारी जागच्या जागी गप्प झाली असती, कायमची. वर्षभर घशात अडकलेला काटा निघाला असता. वाक्य दातांपर्यंत आलं. पोळलेल्या हातांनी तिनं चिखलाचा शेवटचा गोळा दाबून धरला आणि दात आवळले. आत ठक्, ठक्ठक् चाललंच होतं. ती मान वर करून म्हणाली, “तुझी इच्छा.” पुढची ओळ आठवेना. “तुझी इच्छा. माझी नाही. तुझी.”

लाल डोळा मिटला. वारा तसाच होता.

म्हातारी जमिनीवर बसली होती, पाय पसरून, लहान मुलासारखी. थोरली तिच्याजवळ गेली, चिखलाचे हात दूर धरून टेकली.

“तो इथं नाही, आई.”

“मग कुठं आहे?”

“जिथं ठेवलाय तिथं. आपण बघितलं नाही, एवढंच. भट्टी निवली, कोळसा निघाला, की मी तुम्हाला त्याच्याकडे नेते.”

म्हातारीनं संशयानं पाहिलं. “शपथ घे.”

“शपथ घ्यायची नसते. शब्द देते.”

“धाकट्याला सांगून टाळशील.”

“मीच नेईन. मी स्वतः.”

धाकटा परतला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या. त्यानं भट्टीचं चिखलाचं ठिगळ बघितलं, रिकामा हंडा बघितला, वहिनीच्या मानेवरचे ओरखडे बघितले. पोती खाली टाकून, एकही विनोद न करता, तो शेजाऱ्याकडे पाणी मागायला गेला. हंडा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभं राहण्याइतकं लाजिरवाणं त्या उन्हाळ्यात दुसरं काही नव्हतं. शेजारीण ऐकवत ऐकवत का होईना, पण अर्धा हंडा देती झाली.

भट्टी निवत राहिली. ठोके येत होते, रोज थोडे लांबून. थोरली पोती शिवायची. उत्तर द्यायची नाही. एका दुपारी आवाज नुसताच हसला, अगदी त्याच्यासारखा, आणि तिनं सुई बोटात खुपसून घेतली, रक्त येईपर्यंत.

मग एक दिवस धाकट्यानं कवचावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. “निवली.”

माती बाजूला केली. आत काळाभोर कोळसा होता, तांबूस नाही, राख नाही. एकावर एक आपटला की काचेसारखा वाजणारा. ठिगळाच्या जागी तेवढी घमेलंभर राख. म्हातारीला उचलून आणून बसवलं. तिनं एकेक तुकडा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, बाजूला ठेवला. दुपारभर तिनं सगळी भट्टी हातांनी चाळली. तिचे हात, तोंड, पदर सगळं काळं झालं. कुणी तिला थांबवलं नाही.

“कोळसाच आहे,” शेवटी ती म्हणाली.

“हो, आई.”

“चांगला पडलाय.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “त्याच्या हातचा असाच पडायचा.”

पोती भरून झाली. लोहाराची गाडी उद्या यायची होती. पहाटे थोरली उठली, चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही. कोळशाची हातगाडी तिनं ओल्या फडक्यानं पुसली, तिच्यात गोधडी घडी करून घातली. म्हातारी जागीच होती. धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून, खाटेवर पाय खाली सोडून बसलेली. केव्हापासून, कोण जाणे.

धाकटा पोत्यांवर आडवा झालेला होता. त्यानं एक डोळा उघडला. “मी ढकलू?”

“नको, भाऊजी. झोपा.”

तिनं म्हातारीला कडेवर घेतल्यासारखं उचललं. ती अगदी हलकी होती. गाडीत बसवून पायांवर शाल टाकली. हातांवरचे फोड अजून ओले होते, म्हणून दांड्याला फडकं गुंडाळलं. चाक कुरकुरलं. वाट अजून राखाडी होती, कुत्रंसुद्धा जागं नव्हतं.

वळणाशी आल्यावर म्हातारी पुढे बघतच म्हणाली, “तिथं गेल्यावर काय म्हणायचं असतं गं?”

“ठाऊक नाही, आई,” थोरली म्हणाली. “मीही पहिल्यांदाच चाललेय.”

चढ लागला होता. तिनं छाती दांड्याला टेकवली आणि गाडी ढकलायला लागली.